चोरी केली नाही, फक्त बॅग ठेवून घेतली; तरीही गुन्हा दाखल होतो का? चोरीचा माल लपवण्याबद्दल कायदा काय सांगतो

रात्री साडेदहाला दारावर थाप पडते. नात्यातलाच मुलगा असतो. हातात बॅग. "मावशी, दोन दिवस ठेव ना, घरी थोडी भांडणं चाललीयेत," असं म्हणतो आणि निघून जातो. बॅग कपाटावर जाते. तिसऱ्या दिवशी दारात पोलीस उभे असतात, सोबत तो मुलगा आणि दोन पंच. बॅगेत कुणाच्या तरी घरफोडीतले दागिने निघतात.

मावशीनं चोरी केलेली नाही. त्या घरात ती कधी गेलेलीही नाही. मग तिच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो का?

उत्तर आहे, होऊ शकतो. पण ती दोषी ठरेल की नाही हे एकाच प्रश्नावर ठरतं: बॅग ठेवून घेताना तिला काय माहीत होतं, आणि काय कळायला हवं होतं? हा संपूर्ण कायदा या प्रश्नाभोवती फिरतो.

कायद्यात हे नेमकं कुठे आहे?

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३१७ मध्ये चोरीच्या मालाशी संबंधित सगळे गुन्हे एकत्र दिले आहेत. त्याआधी १८६० च्या भारतीय दंड संहितेत हेच विषय ४१० ते ४१४ अशा पाच कलमांत विभागलेले होते. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना आजही जुनीच कलमं लागतात, त्यामुळे बातम्यांमध्ये '४११' आणि '४१४' हे आकडे अजून वाचायला मिळतात.

कलम ३१७ चे पाच भाग असे आहेत:

- पोटकलम १: चोरीचा माल कशाला म्हणायचं, याची व्याख्या.
- पोटकलम २: चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणं किंवा जवळ ठेवणं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.
- पोटकलम ३: दरोड्यातला माल घेणं किंवा जवळ ठेवणं. शिक्षा जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि दंड.
- पोटकलम ४: चोरीचा माल घेण्याचा किंवा त्याच्या व्यवहाराचा धंदाच करणं. शिक्षा जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद, आणि दंड.
- पोटकलम ५: चोरीचा माल लपवायला, विकायला किंवा त्याची विल्हेवाट लावायला स्वेच्छेनं मदत करणं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

मावशीच्या उदाहरणात पोटकलम २ आणि ५ लागू शकतात.

यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला साध्या चोरीसाठीही कायद्यात कमाल शिक्षा ३ वर्षांचीच आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत माल लपवणारा हा साध्या चोरापेक्षा कमी दोषी नाही. यामागचा विचार सरळ आहे. चोराला चोरलेलं मंगळसूत्र घालायचं नसतं, त्याला त्याचे पैसे करायचे असतात. माल ठेवणारा, वाहून नेणारा आणि विकत घेणारा कुणी नसेल, तर चोरीचा धंदा चालणार नाही.

'चोरीचा माल' म्हणजे फक्त चोरलेली वस्तू नाही

बोलीभाषेत चोरीचा माल म्हणजे कुणीतरी चोरून आणलेली वस्तू. कायद्याची व्याख्या मात्र यापेक्षा बरीच मोठी आहे. चोरी, खंडणी आणि जबरी चोरी यांतून मिळालेली मालमत्ता तर त्यात येतेच. शिवाय अपहार केलेली आणि विश्वासघातानं लाटलेली मालमत्ताही येते. म्हणजे कंपनीच्या गोदामातून कर्मचाऱ्यानं परस्पर बाहेर काढलेला माल हादेखील चोरीचाच माल.

नव्या संहितेनं या यादीत एक मोठी भर घातली आहे, ती म्हणजे फसवणुकीतून मिळालेली मालमत्ता. जुन्या कलम ४१० मध्ये फसवणुकीचा उल्लेख नव्हता. ऑनलाइन फसवणुकीच्या काळात हा एक शब्द किती महत्त्वाचा आहे, ते पुढे बँक खात्यांच्या भागात दिसेल.

आणखी दोन मुद्दे. चोरी भारताबाहेर झाली असली तरी माल चोरीचाच धरला जातो. आणि तो माल त्याच्या कायदेशीर हक्कदाराकडे परत पोहोचला, की त्यानंतर तो चोरीचा माल राहत नाही.

'मदत' कशाला म्हणायचं?

पोटकलम २ मध्ये माल आरोपीच्या ताब्यात असावा लागतो. पोटकलम ५ मध्ये तशी अट नाही. चोरीच्या मालाला हातही न लावता माणूस इथे अडकू शकतो. उदाहरणार्थ:

- चोरीची दुचाकी ठेवायला पार्किंगमध्ये जागा करून देणं.
- माल दुसऱ्या गावी पोहोचवण्यासाठी टेम्पो ठरवून देणं.
- गिऱ्हाईक गाठून देणं, किंवा आपल्या नावानं ऑनलाइन जाहिरात टाकणं.
- दागिने वितळवून देणं, गाडीचा चेसिस क्रमांक खोडून देणं.
- चोरीच्या वस्तूला खोटी पावती बनवून देणं.

मात्र ही मदत 'स्वेच्छेनं' केलेली असावी लागते आणि माल चोरीचा आहे याची जाणीव असावी लागते. भाडं घेऊन खोकी पोहोचवणाऱ्या टेम्पोचालकाला आत काय आहे याची कल्पनाच नसेल, आणि संशय यावा असं काही घडलंही नसेल, तर तो गुन्हेगार ठरत नाही.

वेळही महत्त्वाची आहे. चोरी होण्याआधीच 'तू आण, मी ठेवून घेतो' असं ठरलं असेल, तर प्रकरण कलम ३१७ वर थांबत नाही. तिथे चोरीला चिथावणी किंवा कटाचा आरोपही लागू शकतो.

आणि नुसतं माहीत असून गप्प बसणं? पोटकलम ५ साठी प्रत्यक्ष मदत लागते, केवळ माहिती असणं पुरेसं नाही. पण जबरी चोरी आणि दरोड्यासारख्या काही गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना देणं हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार प्रत्येकाचं कर्तव्य आहे.

'मला माहीतच नव्हतं' हे कधी चालतं आणि कधी नाही?

कायद्यात दोन शब्दप्रयोग आहेत: 'माहीत असणं' आणि 'मानायला कारण असणं'. दुसऱ्याचा अर्थ संहितेनंच कलम २ मध्ये दिला आहे. एखादी गोष्ट मानायला पुरेसं कारण असेल, तरच 'मानायला कारण होतं' असं म्हणता येतं. मनात उगाच आलेली शंका म्हणजे पुरेसं कारण नव्हे. पण समोर ढळढळीत खुणा असताना डोळे मिटून घेणं हाही बचाव होत नाही.

अशा खुणा कोणत्या? लाखभर रुपयांचा फोन दहा हजारांत, तोही बिल आणि खोक्याशिवाय. रात्री-अपरात्री घाईनं आणलेला माल. 'कुणाला सांगू नको' अशी सूचना. कमाईचं साधन नसलेल्या मुलाच्या हातात अचानक पाच तोळे सोनं. खोडलेले क्रमांक, कापलेली लेबलं.

पण अशी एखादीच खूण दिसली म्हणून माणूस आपोआप दोषी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. लुटलेल्या भांड्यांचा माल बाळगल्याचा आरोप होता. भांडी कमी भावात विकली जात होती, एवढ्यावरून ती चोरीची असल्याचं आरोपींना ठाऊक होतं असा निष्कर्ष काढता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. दुसऱ्या आरोपीनं पोलिसांसमोर दिलेला जबाबही त्यासाठी पुरेसा नाही. आरोपींना जाणीव होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाचीच आहे.

म्हणून 'चोरानं तुझं नाव घेतलंय' एवढ्यानं कुणी दोषी ठरत नाही. पण त्या नावावरून पोलीस दारात येऊ शकतात, झडती होऊ शकते आणि चौकशी सुरू होऊ शकते, हेही तितकंच खरं.

माल सापडला की कायदा एक गृहीतक धरू शकतो

फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध करायचा भार सरकारवर असतो. चोरीच्या मालाबाबत मात्र न्यायालयाला एक सवलत आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये ती दिली आहे. जुन्या कायद्यात हेच कलम ११४ होतं. चोरीनंतर लवकरच एखाद्याकडे तो माल सापडला आणि तो कुठून आला हे त्याला सांगता आलं नाही, तर तो एक तर स्वतः चोर आहे किंवा त्यानं जाणूनबुजून चोरीचा माल घेतला आहे, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. धरलंच पाहिजे असं नाही.

याच कलमात एक सुंदर उदाहरण दिलेलं आहे. एका दुकानदाराच्या गल्ल्यात खूण केलेला चोरीचा रुपया सापडतो. तो कुणी दिला हे त्याला सांगता येत नाही. पण दिवसभर त्याच्या गल्ल्यात रुपये येतच असतात. अशा माणसाबाबत गृहीतक धरताना न्यायालयानं ही वस्तुस्थितीही लक्षात घ्यावी, असं कायदाच सांगतो.

'लवकरच' म्हणजे किती दिवसांत? याला ठरावीक मुदत नाही. वस्तू कोणत्या प्रकारची आहे त्यावर ते ठरतं. रोख रक्कम दिवसात दहा हात फिरते. दागिने आणि भरजरी साड्या तशा फिरत नाहीत. १९८३ च्या एका निकालात आरोपी वर्षभर फरार होता. त्यानंतर त्याच्याकडून दागिने आणि रेशमी साड्या हस्तगत झाल्या, तरी सर्वोच्च न्यायालयानं हे गृहीतक लागू केलं.

ताबासुद्धा खरा असावा लागतो. सर्वांना ये-जा करता येईल अशा उघड्या शेतात पुरलेले दागिने सापडले, तर ते अमुक माणसाच्याच ताब्यात होते असं ठामपणे म्हणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५० च्या दशकातल्या एका प्रकरणात म्हटलं होतं.

मूळ चोर सापडलाच नाही तर?

अनेकांचा असा समज असतो की चोर पकडला गेला नाही, किंवा निर्दोष सुटला, तर माल लपवणाराही सुटतो. तसं नाही. माल लपवायला मदत केल्याच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्या कुणाला चोरीबद्दल शोधून शिक्षा झालेली असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६० च्या दशकातच स्पष्ट केलं आहे. माल चोरीचा आहे आणि आरोपीनं तो लपवायला किंवा त्याची विल्हेवाट लावायला जाणूनबुजून मदत केली, एवढं सिद्ध झालं की पुरे.

सामान्य माणूस सर्वाधिक कुठे अडकतो?

मोबाइल: जुना फोन विकत घेण्याआधी त्याचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक तपासता येतो. डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो दिसतो. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर हा क्रमांक टाकून फोन ब्लॉक केलेला आहे का ते कळतं. इंग्रजी अक्षरांत 'केवायएम' लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला तरी माहिती मिळते. आयएमईआय बदलून देणं हा तर वेगळाच गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

सोनं आणि भंगार: मोड घेणारा सराफ आणि तांब्याची तार घेणारा भंगारवाला, दोघांकडे रोज अनोळखी माणसं येतात. विकणाऱ्याचं ओळखपत्र, मूळ पावती, वजन आणि तारखेची नोंद ठेवली असेल, तर तोच त्यांचा सगळ्यात मोठा बचाव. नोंद न करता लगेच दागिने वितळवले, तर तीच गोष्ट विरोधात जाते. पुरावा नाहीसा करण्याचं कलम २३८ ही त्यात जोडलं जाऊ शकतं.

बँक खातं: 'तुझं खातं आठ दिवस वापरायला दे, प्रत्येक व्यवहारामागे कमिशन मिळेल.' टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवर कॉलेजच्या मुलांना अशा ऑफर येतात. या खात्यांना 'म्यूल खाती' म्हणतात. त्यात येणारा पैसा बहुतेक वेळा डिजिटल अरेस्ट, बनावट शेअर ट्रेडिंग अशा फसवणुकीचा असतो. फसवणुकीतून आलेली मालमत्ताही आता 'चोरीचा माल' असल्यामुळे, अशा खातेधारकांवर फसवणुकीच्या कलम ३१८ सोबत कलम ३१७ ही लावलं जातं. बँक खातं ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये ठरवलं. त्यामुळे पहिली कारवाई होते ती खातं गोठवण्याची. 'मी फक्त एटीएम कार्ड दिलं होतं' हा बचाव इथे फारसा टिकत नाही, कारण कष्ट न करता कमिशन कशाचं मिळतंय, हा प्रश्न कुणालाही पडायला हवा.

घरचाच माणूस असेल तर?

हा सगळ्यात अवघड भाग. बहुतेक वेळा माल लपवणारे लोक टोळीतले नसतात. ते आई, बायको, भाऊ किंवा मित्र असतात, आणि त्यांनी ते पैशासाठी केलेलं नसतं.

गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलम २४९ मध्ये पती-पत्नीला सूट आहे. नवऱ्याला लपवल्याबद्दल बायकोला त्या कलमाखाली शिक्षा होत नाही. पण ही सूट माणसाला लपवण्यापुरती आहे. त्यानं आणलेला माल लपवण्यासाठी कलम ३१७ मध्ये कोणत्याही नात्याला सूट दिलेली नाही.

दुसरी बाजूही आहे. नवऱ्यानं माल घरात आणून ठेवला, एवढ्यावरून बायको दोषी होत नाही. तो माल तिच्या जाणीवपूर्वक ताब्यात होता किंवा तिनं तो लपवायला मदत केली, हे दाखवावं लागतं. एकाच छताखाली राहणं हा गुन्हा नाही. पोलीस येणार असं कळल्यावर डबा शेजारी नेऊन ठेवणं मात्र गुन्हा ठरू शकतो.

अटक आणि जामीन

पोटकलम २ आणि ५ चे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो हक्कानं मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो. शिक्षा ७ वर्षांच्या आतली असल्यामुळे प्रत्येक प्रकरणात अटक व्हायलाच हवी असंही नाही. अटकेची गरज नसेल, तर पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस देतात. ती आली तर ठरलेल्या वेळी हजर राहणं आवश्यक आहे.

मालाची किंमत २० हजार रुपयांपर्यंत असेल, तर खटला संक्षिप्त पद्धतीनं चालवता येतो. त्यात ३ महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. या दोन्ही पोटकलमांखालच्या गुन्ह्यांत मालाच्या मालकाला तडजोडही करता येते.

आपल्याकडे चोरीचा माल आहे असं लक्षात आलं तर?

वस्तू प्रामाणिकपणे विकत घेतली असेल, तर संशय नसताना केलेली खरेदी हा गुन्हा नाही. पण वस्तू मात्र हातची जाते. ज्याच्याकडे मालकीच नाही, तो ती दुसऱ्याला देऊ शकत नाही, हे १९३० च्या माल विक्री कायद्याचं मूळ तत्त्व. पोलीस ती मुद्देमाल म्हणून जप्त करतात आणि पुढे न्यायालयाच्या आदेशानं ती मूळ मालकाकडे जाते. पैसे परत हवे असतील, तर विकणाऱ्याकडेच मागावे लागतात.

खरा धोका त्यानंतर सुरू होतो. कलम ३१७ मध्ये माल 'घेणं' आणि 'जवळ ठेवणं' हे दोन्ही आहे. घेताना काही माहीत नव्हतं, पण नंतर कळलं आणि तरीही अप्रामाणिकपणे ठेवून घेतलं, तर त्या दिवसापासून तो गुन्हा ठरू शकतो. म्हणून संशय आल्यावर या गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

- वस्तू फेकू नये, विकू नये, वितळवू नये, दुसऱ्याकडे हलवू नये.
- ज्यानं दिली त्याला गुपचूप परत करू नये. माल पुन्हा चोराच्या हाती गेला, तर ती त्याला केलेली मदत वाटू शकते.
- बिल, चॅट, यूपीआय व्यवहार, कॉलची नोंद जपून ठेवावी. डिलीट करू नये.
- शक्य असेल तर वकिलाशी बोलून, पोलीस ठाण्यात लेखी माहिती द्यावी आणि पोहोच घ्यावी.
- खात्यात अनोळखी पैसे आले तर ते पुढे पाठवू नयेत. बँकेला कळवावं आणि सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करावा.

सुरुवातीच्या मावशीकडे परत येऊ. भाच्यावर विश्वास ठेवून तिनं बॅग ठेवली, आत काय आहे हे तिला माहीत नव्हतं आणि संशय येण्यासारखं काही नव्हतं, तर कायदा तिच्या बाजूनं उभा राहू शकतो. पण दुसऱ्या दिवशी तिनं बॅग उघडली, दागिने पाहिले आणि ती कपाटावरून काढून धान्याच्या कोठीत लपवली, तर चित्र बदलतं. बॅग तीच आणि घरही तेच. फरक एवढाच की आता तिला कळलेलं आहे, आणि कळल्यावर तिनं काय केलं हे न्यायालय विचारणार आहे.